हायड्रोला आलेला ताप

आप्पा,

तुम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी दुसऱ्या ओळीलाच अडखळले असते. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आता माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्याइतका झालाय, तरी एक गोष्ट सांगायची राहूनच गेली आहे. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या डाइंग हाउसमध्ये, माझ्या नोकरीच्या पहिल्या दसऱ्याला, तुमच्या हायड्रोच्या ड्रमातला स्कूप कोणी धुतला होता, ती. आज पुन्हा दसरा आहे. सकाळची पूजा आटोपून मी कारखान्यातून घरी आले आहे, टेबलावर फाफडा-जिलेबीचा पुडा उघडा पडलाय, दोन्ही पोरं त्यावर तुटून पडली आहेत, आणि मी खिडकीशी वही घेऊन बसले आहे. मन अगदी खुशीत आहे. रडगाणं गाणार नाही, घाबरू नका.

हायड्रो म्हटलं की मला आधी तुमचं ते भाषण आठवतं. नवा माणूस केमिकलच्या गोडाऊनात कामाला आला की त्याला तुम्ही हात बांधून उभं करायचात. आपल्या खान्देशातला असला तर म्हणायचात, “हाऊ हायड्रो म्हणजे जवाई शे, जवाई! याले कोरडी खोली दे, वारा दे. जमिनवर बसाडू नको, पाटवर बसाड. ॲसिड आनि ब्लीच याना सोयरा नहीत, त्यास्ना शेजारे बसाडू नको. आनि थोडं बी पानी आंगवर उडनं ना, तर असा भडकी की गाव गोया करी.” ओरिसाचा किंवा यूपीचा असला तर सगळं आवरतं घेऊन “दामाद है भाई, दामाद,” एवढंच. पुढे कॉलेजात मला या पांढऱ्या पावडरीचं भलंमोठं नाव शिकवलं, हवेतल्या ओलीनंसुद्धा ती कशी बिघडते, थोड्या पाण्यानं आतल्या आत कशी तापते, त्या तापानं आणखी तापते आणि शेवटी कशी पेटते, ते सगळं समीकरणांसकट फळ्यावर मांडलं. मी पहिल्या बाकावर बसून हसत होते. सरांनी विचारलं, काय झालं? आता त्यांना काय सांगू, की हे सगळं मला जावयाच्या रूपात तोंडपाठ आहे.

रोज सकाळी ड्युटीवर आलात की तुम्ही आधी ड्रम बघायचात. लाकडी पाटांवर ओळीनं उभे असलेले ते लोखंडी ड्रम, आणि त्यांच्यामधून तुम्ही हळूहळू फिरता आहात, प्रत्येकाच्या अंगाला हाताची मागची बाजू लावता आहात, घटकाभर थांबता आहात, पुढे सरकता आहात. मी सातवी-आठवीत असेन, सुटीच्या दिवशी तुमचा डबा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, “आप्पा, काय करी ऱ्हायना?” तुम्ही मान न वळवता म्हणायचात, “ताप शे का देखस.” घरी आम्ही भावंडं आजारी पडलो की हाच हात याच पद्धतीनं कपाळावर यायचा. ड्रमाची काळजी आमच्याइतकीच, का आमची ड्रमाइतकीच, यावर आई आणि मी पुष्कळ हसलो आहोत. एकदा मी नळावर हात धुतले आणि ओल्या हातांनीच आत येऊन उघड्या ड्रमाच्या काठाला एका हातानं धरून वाकून बघायला लागले. तुम्ही जे ओरडलात! आयुष्यात माझ्यावर इतका आवाज तुम्ही एकदाच चढवला. माझा डबा हातातून पडला, भाजी सांडली, आणि मग तुम्हीच खाली बसून भाकरी उचलून झटकली, अर्धी मला दिली, अर्धी तुम्ही खाल्लीत. हात आधी पुसायला लावलेत, ते वेगळंच.

घरातही तुमचा तोच खाक्या. मिठाच्या डब्यात, तिखटाच्या डब्यात ओला चमचा गेलेला तुम्हाला खपायचा नाही. पिठाचा डबा उघडला की झाकण दाबून बसलं की नाही ते तुम्ही जेवता जेवता उठून बघून यायचात. आई कंबरेवर हात ठेवून विचारायची, “घर शे का गोडाऊन?” तुम्ही शांतपणे म्हणायचात, “गोडाऊन राहतं तर आतापावत मेमो दिधा असता.” आणि मग दोघंही हसायला लागायचात. ती दोन खोल्यांची जागा, तो मोरीशेजारचा ओटा, आणि तुम्ही झाकण दाबून परत ताटावर बसता आहात, हे मला आजही कुठलीही बरणी उघडताना दिसतं.

मी बी.एस्सी. झाले आणि तुमच्याच डाइंग हाउसच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा तुम्ही उधन्याहून माझ्यासाठी एक मोठा, बाजूनं बंद असलेला चष्मा आणलात, केमिकल डोळ्यांत उडू नये म्हणून. लॅबमधली मुलं मला पाणबुडी म्हणून चिडवत. मी तो लाजत लाजत घालायची आणि घालायची मात्र रोज. माझं काम होतं आलेल्या मालाची ताकद तपासणं. पॉलिस्टरचं कापड रंगवून झालं की त्याच्या अंगावर जो जादा रंग चिकटून राहतो, तो कॉस्टिक आणि हायड्रोच्या गरम पाण्यात धुऊन काढतात. त्या पाण्यात पडेपर्यंत हायड्रो कोरडा आणि ताजा हवा, नाहीतर कापड मळकं निघतं. नवा ड्रम उघडल्याच्या दिवशी मी नमुना तपासायची आणि तळाला आल्यावर पुन्हा. तुमच्या हातच्या ड्रमात पहिल्या दिवशी जेवढी ताकद, जवळजवळ तेवढीच शेवटच्या दिवशी. बाकी कारखान्यांत अर्धी उडून जायची म्हणे. तुम्ही लॅबच्या दाराशी येऊन उभे राहायचात, आत यायचा नाहीत, आणि विचारायचात, “किती निंघनं?” मी आकडा सांगितला की तुम्ही तो आकडा कळल्यासारखी मान हलवून खाली जायचात. “इतकी वर्षं झाली, माझ्या हातून एक ड्रम वाया गेला नाही,” हे वाक्य तुम्ही पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवायचात. दुसऱ्या कशाचीच फुशारकी तुम्ही कधी मारली नाहीत, आप्पा. हीच एक होती, आणि ती खरी होती.

आता ती गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना धुण्यापुसण्याला लागतो, तसा तेव्हाही लागला होता. मशिनं पुसून झाली होती, ट्रॉल्या धुऊन झाल्या होत्या, पान्हे-स्क्रू ड्रायव्हर चकचकीत करून पाटावर मांडले होते, कारण उद्या त्यांची पूजा. तुम्ही स्टोअरच्या दाराला बांधायला झेंडूची फुलं आणायला गेला होतात. मी हिशेबाच्या नव्हे, नुसत्या मायेच्या भरात तुमच्या गोडाऊनात शिरले. खिळ्याला पावडर काढायचा तुमचा स्कूप कापडात गुंडाळून टांगलेला होता, तो लांब दांडीचा, स्टीलचा, वर्षानुवर्षं वापरून काळपट पडलेला. मला वाटलं, सगळ्यांची हत्यारं उजळली, माझ्या बापाचं का राहावं? मी तो नळावर नेला, राखेनं घासला, आरशासारखा केला. ओलीचं भान मला होतं हो! मी कोण, तुमची पोरगी, वर केमिस्ट. ओढणीनं तीनदा पुसला, उन्हात धरला, बोट फिरवून बघितलं, कोरडा ठणठणीत. मग त्याला कुंकवाचं बोट लावलं. आणि परत खिळ्याला टांगण्याऐवजी मला सुचलं, की आप्पा उद्या ड्रम उघडतील तेव्हा त्यांना एकदम दिसावा. म्हणून चालू ड्रमाच्या आतली प्लास्टिकची पिशवी सोडली, दांडी खाली पावडरीत रोवली, कुंकू लावलेलं तोंड वर ठेवलं, पिशवीतली हवा काढून सुतळी घट्ट बांधली, झाकण दाबून बसवलं. सगळं तुमच्या पद्धतीनं केलं. फक्त ती दांडी म्हणजे पोकळ पाइप होता आणि त्याचं टोक उघडं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. धुताना आत शिरलेलं पाणी ओढणीनं कुठून पुसलं जाणार?

दसऱ्याची सकाळ. गोडाऊनच्या दाराला तोरण लागलंय, रांगोळी काढली आहे, नव्या साड्या, नवे शर्ट, अंगणात जिलेबीचा वास. मी पिवळा ड्रेस घालून दाराजवळ उभी आहे, तुम्ही झाकण कधी उघडता त्याची वाट बघत. पण तुम्ही दसरा असला म्हणून नेम मोडणारे नव्हतात. आधी फेरी. पहिला ड्रम, दुसरा ड्रम. तिसऱ्याला हात लावलात आणि तो काढलाच नाहीत. मग तळवा लावलात. मग वाकून गाल लावलात. उठलात तेव्हा तुमचा चेहरा बघून मी दारातून बाजूला सरले. अजिबात न ओरडता तुम्ही म्हणालात, “बठ्ठा बाहेर पया. पानी कोनी आनू नका.” नेमके त्याच वेळी सेठ सहकुटुंब दारात आले, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला कलश, वर आंब्याची पानं, वर नारळ. तुम्ही सेठना म्हणालात, “सेठ, आप भी बाहर. कलश के साथ.” सेठना असं कोणी कधी सांगितलं नसेल. ते कलश सांभाळत उलट्या पावली जे मागे गेले, ते रांगोळी तुडवत थेट अंगणापर्यंत.

तुम्ही तोंडाला फडकं बांधलंत, हातमोजे चढवलेत, ड्रम अलगद ट्रॉलीवर घेतलात आणि वाऱ्याची दिशा बघून मोकळ्या जागेत नेलात. तिथला मोठा हौद काठोकाठ भरून घेतलात. झाकण काढल्यावर धुराची एक बारीकशी रेघ निघाली आणि नाकात जाळ झाला. अजून पेटलेलं काही नव्हतं. तासाभराचा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. थोडं पाणी हायड्रोला पेटवतं आणि भरपूर पाणी त्याला विझवतं, म्हणून तुम्ही ती पावडर थोडी थोडी करून त्या भरल्या हौदात सोडलीत. अख्खा ड्रम गेला. आणि त्यातून तो स्कूप निघाला, लखलखीत, तोंडावर कुंकू.

डाइंग मास्तर लालबुंद झाले होते. “किस बेवकूफ ने धोया ये?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी चौथ्या रांगेत होते. आत्ताच हो म्हण, असं मी स्वतःला सांगत होते आणि जागची हलत नव्हते. तुम्ही स्कूप उलटा करून झटकलात. दांडीतून दोन थेंब पडले. तुम्ही त्या थेंबांकडे बघितलंत, मग त्या कुंकवाकडे, आणि म्हणालात, “बेवकूफ नहीं साहेब. किसी ने बहुत प्यार से धोया है.” मग सेठकडे वळलात. “स्टोअर मेरा है, गलती मेरी.”  सेठनी हातातला कलश दुसऱ्याकडे दिला, तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “पूजा से पहले बुखार देखने वाला आदमी है, इसको पहले जलेबी दो.” सगळे हसले. मास्तरही हसले. तुम्ही तर सर्वांत जास्त हसलात, जिलेबीचा पाक मिशीला लागला होता. मी पण हसले, आप्पा, सगळ्यांच्या मागे उभी राहून. संध्याकाळी तुम्ही मला आपट्याचं पान दिलंत, मी पाया पडले, आणि पायांशी वाकले तेव्हा सांगणार होते, पण वर उठेपर्यंत धीर संपला. दोन दिवसांनी तुम्ही वर्कशॉपमधून त्या दांडीचं टोक वेल्डिंग करून बंद करून आणलंत. कोणालाच काही विचारलं नाहीत.

पण तुमचं ते वाक्य बदललं. “इतकी वर्षं झाली, माझ्या हातून एक ड्रम वाया गेला नाही,” म्हणायचात, आणि घुटका घेतल्यासारखं थांबून पुढे जोडायचात, “एक सोडून.” खोटं बोलायची तुम्हाला सवयच नव्हती ना! मला बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलंत, एक सोडून. खऱ्या जावयाला पहिल्याच दिवाळीला सांगितलंत, एक सोडून, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं यात काही आडून टोमणा आहे. शेवटी दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सलाही सांगितलंत. ती म्हणाली, “अच्छा काका?” आणि तुम्ही दोन बोटं वर करून थेंब किती होते ते दाखवलंत. मी खाटेच्या पायथ्याशी संत्रं सोलत होते. प्रत्येक वेळी तो एक ड्रम माझा होता, आणि प्रत्येक वेळी मी संत्रं सोलत होते, नाहीतर चहा गाळत होते, नाहीतर पोराचं नाक पुसत होते. मला मेमोची भीती नव्हती. तुम्ही रागावाल असंही वाटत नव्हतं. तुमची एकुलती एक फुशारकी मी मोडली, हे माझ्या तोंडानं तुम्हाला सांगवत नव्हतं.

आणि आता काल. मी हल्ली सुरतेजवळ सचिन गावाला आहे, कापडाच्या एका प्रोसेस हाउसची लॅब माझ्याकडे आहे. भिंतीवर चार भाषांत पाट्या आहेत, ताप बघायला बंदुकीसारखं यंत्र आहे, ते लांबूनच आकडा दाखवतं. तरी लॅबमधल्या हायड्रोच्या बरणीला मी जाता-येता हाताची मागची बाजू लावतेच. काल लावली आणि बरणी कोमट. मी ती धूर ओढून घेणाऱ्या हुडाखाली घेतली, आतली पावडर बादलीभर पाण्यात हळूहळू सोडली, मुठीएवढा गठ्ठा झाला होता. पाच मिनिटं झाली असतील, तोच आमची नवी केमिस्ट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मराठवाड्यातले आईबाप, लूमवर काम करतात, ही सुरतेतच जन्मलेली, तीन भाषा एका वाक्यात बोलते.  “मॅडम, ते मीच केलंय. आज नवमी छे ना, म्हणून सगळे चमचे चोख्खे धुतले. पुसले पण होते, सच्ची. मला काढून टाकणार?” कोणी तिला विचारलंही नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. जे मला वीस-पंचवीस वर्षांत जमलं नाही ते त्या पोरीनं पाच मिनिटांत करून टाकलं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तुमचं ते जावयाचं भाषण, सेठचा कलश, तुमची मिशीतली जिलेबी, सगळं सांगितलं. रडता रडता ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. “दांडी पोकळ? बाप रे, मॅडम!” मग डोळे पुसून तिनं विचारलं, “पछी तुम्ही सांगितलं त्यांना?” बघा आता, मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की तिनं केलं ते बरोबर केलं की मूर्खपणा, हे माझ्या उत्तरावर ठरणार होतं. मी म्हटलं, “हो, दुसऱ्याच दिवशी.” “मग ते काय म्हणाले?” मी म्हटलं, “खूप हसले. म्हणाले, माले मालूम व्हतं.” तिचा चेहरा असा उजळला, आप्पा! आज सकाळी पूजेला आली ती मोरपंखी साडी नेसून, आणि नव्या बरणीला तिनं कुंकू लावलं ते कोरड्या बोटानं, माझ्याकडे बघून दात काढत.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे, पाठवणार कुठे? पण मी त्या पोरीला दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही खोट्या. त्यातली माझ्या वाट्याची तेवढी आज खरी करते. स्कूप मी धुतला होता, आप्पा. हसायचं तेवढं तुमच्याकडे राहिलं.